ताई, लस आली का?

सकाळी 8.00

शटर वर गेलं की पहिलं काम फ्रीजचं, देवाची उदबत्ती त्यानंतर. आतला थर्मामीटर 4 अंश दाखवतोय. वहीत लिहिलं: 23 ऑगस्ट 2017, बुधवार, सकाळी 8, 4 अंश. फ्लूची लस 2 ते 8 अंशांमध्येच राहावी लागते. ऊब लागली तर तिची ताकद हळूहळू कमी होते. गोठली तर ती वापरायचीच नाही. आणि एकदा गोठून वितळलेली सिरिंज दिसायला चांगल्या सिरिंजेसारखीच असते, डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून दिवसातून तीनदा हा आकडा लिहायचा.

मधल्या कप्प्यात सहा सिरिंज आहेत. प्रतीक्षेच्या वहीत नावं आहेत चाळीसच्या आसपास.

आमचं औषधांचं दुकान सदाशिव पेठेतल्या आतल्या रस्त्यावर. सासऱ्यांनी सुरू केलं, मी फार्मसिस्ट म्हणून लग्नानंतर इथं उभी राहिले. स्वाइन फ्लूची 2009 ची लाट, 2010 ची, 2015 ची आणि आता ही, सगळ्या मी याच काउंटरमागून पाहिल्या. गेल्या काही आठवड्यांत दुकानात शिरणाऱ्या निम्म्या माणसांचा पहिला प्रश्न एकच असतो: ताई, लस आली का?

दाराच्या काचेवर कागद चिकटवलाय. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. अ गट, गरोदर स्त्रिया. ब गट, दमा, मधुमेह, हृदय आणि मूत्रपिंडाचे रुग्ण आणि 65 च्या पुढचे. क गट, बाकी सगळे. एका चिठ्ठीवर एकच सिरिंज, ती ज्या दिवशी टोचायची त्याच दिवशी मिळेल. वही कोणालाही पाहता येईल. शेवटच्या वाक्याखाली मी लाल रेघ मारली आहे.

8.30

सारसबागेत फिरून परतणारी मंडळी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी थांबतात. हातातल्या वर्तमानपत्रात काल शहरात किती गेले त्याचा आकडा असतो, आणि तो मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. मग 2009 निघतं. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्या वर्षी 3 ऑगस्टला याच शहरात झाला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरचे दिवस पुणेकर विसरलेले नाहीत. नायडू रुग्णालयाबाहेरच्या तपासणीच्या रांगा, बंद शाळा, बंद थिएटरं, मास्कसाठी झालेली पळापळ. तेव्हा लस कमी नव्हती, नव्हतीच. देशात बनलेली पहिली लस आली 2010 च्या जूनमध्ये अहमदाबादहून, आणि पुढच्याच महिन्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस. त्यामुळे 2009 मध्ये दुकानात कोणी चिडत नसे. सगळेच सारखे हताश होते. चिडणं सुरू झालं ते लस बाजारात आल्यावर, ती थोड्यांनाच पुरते हे दिसल्यावर.

एक आजी कापराच्या वड्या आणि वेलदोडे मागतात. नातवाच्या रुमालात पुरचुंडी बांधून द्यायची आहे, अधूनमधून हुंगायला. ही पुरचुंडीसुद्धा 2009 पासूनची. कापूर मी देते, पण हातात देताना सांगते की यानं फ्लू अडत नाही, आणि लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येऊ शकतात. आजी क्षणभर थांबतात. "मग त्याला काय देऊ गं?" त्यांना हातात घेता येईल असं काहीतरी हवं आहे. साबणाची वडी दिली आणि डब्याआधी हात धुवायची सवय लावायला सांगितली. कापूर त्यांनी परत ठेवला.

9.30

शाळेच्या बस गेल्या की आया येतात, बहुधा दोघी-तिघी मिळून. मोबाइलवर आलेले निरोप त्यांनी रात्रभर वाचलेले असतात. अमुक शाळेत चार मुलं दाखल, तमुक सोसायटीत दोन गेले. खरं किती, खोटं किती, कोणालाच माहीत नसतं, आणि झोप मात्र सगळ्यांचीच उडालेली असते.

"दोन मुलांसाठी दोन द्या, बाकी काही विचारू नका," एक जण म्हणते. मला विचारावंच लागतं. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा फ्लूची लस देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. आज एक दिला आणि पुढच्या महिन्यात दुसरा मिळाला नाही, तर काय करायचं हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं. तीन वर्षांखाली डोस अर्धा असतो. हे ऐकल्यावर ती गप्प झाली. मग विचारलं, "मुलाला दमा आहे. त्याचं आधी होईल?" तेच आधी सांगायला हवं होतं. त्याचं नाव ब गटात, धाकटीचं क गटात. आईनं एकाच घरातली दोन नावं दोन गटांत लिहिलेली पाहिली आणि मान हलवली. तिला ते पटायला मला काहीच बोलावं लागलं नाही.

दुसरी घरात ठेवायला टॅमिफ्लू मागते, लस नाही तर निदान गोळी. तेही देता येत नाही. हे औषध आधी शेड्यूल एक्स मध्ये होतं, मोजक्या दुकानांतच मिळायचं. यंदा ते शेड्यूल एच वन मध्ये आणलं म्हणून आमच्याकडे आलं. तरी डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि रजिस्टरमध्ये नोंद हवी. शिवाय डॉक्टरांनी न पाहता कोणी अर्धवट डोस घेतला, तर पुढे गरज पडेल तेव्हा हेच औषध निरुपयोगी ठरायचा धोका असतो. "म्हणजे लस नाही, गोळी नाही, आम्ही करायचं काय?" हा प्रश्न रागानं विचारलेला असला तरी त्याला उत्तर आहे. ताप आलेलं मूल शाळेत पाठवायचं नाही. दम लागला, ओठ निळसर दिसले, मूल खाईना, झोपेतून उठेना, तर वाट पाहायची नाही. एक कागद छापून ठेवलाय, तो देते.

10.15

स्टॉकिस्टचा फोन. "वहिनी, दहा मागू नका. पाच देतो, तेही संध्याकाळी."

"बॅच?"

"नवीन. मिशिगनवाली."

2009 पासून लशीतला स्वाइन फ्लूचा, म्हणजे एच वन एन वन चा वाण कॅलिफोर्नियात सापडलेल्या विषाणूचा होता. विषाणू बदलत गेला आणि जागतिक आरोग्य संघटनेनं या वर्षीच्या लशीसाठी मिशिगनमधल्या विषाणूचा वाण सुचवला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेलाही इथल्या रुग्णांत तोच दिसला. वाचणारी गिऱ्हाइकं म्हणूनच विचारतात, ही नवीन लस आहे की जुनी?

टंचाई का झाली, हेही विचारतात, आणि बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं: साठेबाजी. साठेबाजी कुठंच होत नसेल असं मी म्हणणार नाही. पण मुळाशी दुसरं कारण आहे आणि ते सांगायला मला वेळ लागतो. फ्लूच्या लशीची रचना वर्षातून दोनदा ठरते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. त्यानंतर विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवायचा, निष्क्रिय करायचा, शुद्ध करायचा, तपासायचा, सिरिंजमध्ये भरायचा. जाहीर झाल्यापासून दुकानात यायला सहा महिने. मुदत जेमतेम वर्षाची, उरलेली लस पुढच्या वर्षी चालत नाही. त्यामुळे किती बनवायची, किती मागवायची, हे आदल्या वर्षी किती खपली त्यावर ठरतं.

आदल्या वर्षी काय झालं होतं? 2015 मध्ये महाराष्ट्रात 905 माणसं या आजारानं गेली. 2016 मध्ये 26. त्या वर्षी माझ्याकडे लस पडून राहिली, मुदत संपून परत गेली. दुकानात कोणी नाव काढत नव्हतं. मग यंदा स्टॉकिस्टनं कमी मागवली, मीही कमी मागवली. त्यात 1 जुलैपासून जीएसटी लागू होणार म्हणून जूनमध्ये सगळ्या औषधबाजारानं माल हलका केला होता. जुनी बॅच संपलेली, नवीन थेंबाथेंबानं येणारी, आणि मधे पावसाळा. पुण्यात फ्लू पावसाळ्यात चढतो.

एवढं ऐकून घेतलं की लोक निघून जात नाहीत. उलट विचारतात, मग पुढच्या वर्षी केव्हा येऊ?

11.30

ओपीडी सुटली की दुकानात उभं राहायला जागा नसते. आज चिठ्ठ्या घेऊन आलेल्यांत यादीतल्या पहिल्या तिघांना बोलावलं होतं. एक दम्याचे गृहस्थ, एक डायलिसिसवरच्या बाई, एक आजोबा. जेलपॅक घातलेली छोटी थर्मासची डबी प्रत्येकाबरोबर जाते, डॉक्टरांकडून थेट परत येते. लस घरी नेऊन फ्रीजच्या दारात ठेवायची नाही, हा नियम मी याच लाटेत केला. एका गिऱ्हाइकानं घरच्या चौघांसाठी घेतलेल्या सिरिंज बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. चारही वाया गेल्या, आणि त्या दिवशी वहीत वीस नावं होती.

एकजण हळू आवाजात छापील किमतीच्या दुप्पट देऊ करतात. वाईट माणूस नाही. घरी ऐंशीची आई आहे, आणि पैशानं काम होतं याची त्यांना सवय आहे. मी त्यांना आईची चिठ्ठी आणायला सांगते. आई ब गटात बसते, छापील किमतीतच मिळेल. ते गोंधळतात. "म्हणजे जास्त द्यायला नको?" असं विचारतात, आणि मग आईचं वय, साखर, सगळं भडाभडा सांगू लागतात.

त्याच गडबडीत फोन. एका साहेबांचे पी.ए. "साहेबांच्या बंगल्यावर चार पाठवून द्या." गट विचारला तर म्हणाले, "साहेब!" मी चार नावं लिहून घेतली, क गट, क्रमांक 42 ते 45. पलीकडे जरा शांतता. "तुम्हाला दुकान चालवायचंय ना?" असं काहीतरी म्हणून फोन ठेवला. हात थोडे कापतात अशा वेळी. आमच्यासारख्या दुकानाला परवान्यापासून पार्किंगपर्यंत कोणीही त्रास देऊ शकतं.

मग ती आली. सातवा महिना, नवरा रिक्षा चालवतो, तोही बरोबर. चिठ्ठी बघून मी तिला बसायला स्टूल दिलं. अ गटात आज तिच्याशिवाय कोणी नव्हतं, सिरिंज लगेच देता आली असती. पण किंमत ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राज्य सरकारनं 2015 पासून गरोदर स्त्रियांसाठी, मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ही लस सरकारी केंद्रांत मोफत ठेवली आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "दोन उरल्यात, बारापर्यंत पाठवा." नवऱ्यानं रिक्षा काढली. पाऊण तासानं तो एकटाच परत आला, दुकानाबाहेरून हात वर करून दाखवला आणि गेला.

मोफत लशीची ही गोष्ट या गर्दीत दहांतल्या एकाला माहीत असेल तर पुष्कळ. ज्यांना माहीत असते त्यांतल्या काहींना तिथं जायचं नसतं. तीच लस, तीच शीतपेटी, टोचणाऱ्या सिस्टरचा हात तर रोजच्या सरावाचा. तरी "सरकारी नको" म्हणतात आणि इथं रांगेत उभे राहतात. या एका गोष्टीवर मी गिऱ्हाइकांशी वाद घालते.

1.30

शटर अर्धं खाली. डबा उघडला. काउंटरवरच्या मुलाला सकाळपासून पाणी प्यायलाही वेळ मिळाला नव्हता, त्याला आधी जेवायला बसवलं.

केमिस्टांच्या एका सभेत बोलायचं होतं म्हणून मध्यंतरी मी बाहेरच्या देशांतल्या टंचाईची माहिती काढली होती. श्रीमंत देशांचंही हेच झालं आहे. 2004 च्या ऑक्टोबरात ब्रिटननं लिव्हरपूलच्या एका कारखान्याचा परवाना स्थगित केला, लशीत जिवाणूंचा संसर्ग सापडला म्हणून. अमेरिकेला मिळणारी जवळजवळ निम्मी लस, साडेचार कोटींहून जास्त डोस, एका दिवसात गेले. म्हातारी माणसं पहाटेपासून दुकानांबाहेर रांगेत उभी राहिली. न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्ड गावात चक्क सोडत काढून लस वाटली. 2009 मध्ये पुन्हा तेच. विषाणू अंड्यांत हवा तेवढ्या वेगानं वाढेना, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मिळतील म्हणून सांगितलेले डोस वेळेत मिळालेच नाहीत.

मला त्यातली कॅनडातली गोष्ट नेहमी आठवते. कॅल्गरीत सामान्य माणसं, कडेवर मुलं घेऊन, तासन्‌तास रांगेत उभी होती. लस संपत आली म्हणून केंद्रं बंद करावी लागली. त्याच दिवसांत उघड झालं की शहराच्या आइस हॉकी संघातल्या खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना वेगळी सोय करून लस दिली गेली होती. लोक पेटून उठले आणि आरोग्यखात्यातल्या अधिकाऱ्याची नोकरी गेली. न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटच्या मोठ्या वित्तसंस्थांना लस पोचली, ही बातमी आली तेव्हाही तसंच. तिथं ती धोक्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी होती असं सांगून झालं, पण ऐकायला कोणी तयार नव्हतं.

रांगेत तास काढलेल्या माणसांनी तोवर धीर सोडला नव्हता. लस नाही, हे माणूस ऐकून घेतो. लस आहे आणि ती मागच्या दारानं दुसऱ्याला जाते आहे, हा संशय तो सहन करत नाही, आणि करूही नये. दुकानातली वही मी उघडी ठेवते ती यासाठी. नावापुढे आजार लिहीत नाही, तो ज्याचा त्याचा खाजगी. फक्त क्रमांक, नाव, गट आणि दिल्याची तारीख.

4.15

खोका आला. उघडण्याआधी बर्फाची बॅग हाताला गार लागते का पाहिलं, मग आतला थर्मामीटर, 5 अंश. सिरिंज आणि बर्फ यांच्यामध्ये पुठ्ठा आहे, म्हणजे गोठलेल्या नाहीत. बॅच, मुदत, बिल जुळवलं. पाच. सकाळच्या तीन उरल्या होत्या, आठ झाल्या. यादीतल्या पुढच्यांना फोन सुरू केले.

फोनवर लोक कसे बोलतात हे ऐकण्यासारखं असतं. समोर चिडलेला माणूस फोनवर "आली? खरंच आली?" म्हणतो आणि त्याचा आवाज भरून येतो. एका निवृत्त शिक्षकांचा क्रमांक आला होता. ते म्हणाले, "माझी साखर आता ताब्यात आहे. माझ्या वरच्या मजल्यावर केमोथेरपी चाललेल्या बाई आहेत, त्यांचं नाव आहे का?" नव्हतं. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून त्या बाईंचं नाव घेतलं. सरांचं नाव काढलं नाही, एक पायरी खाली आणलं.

6.30

ढोलपथकांच्या सरावाचा आवाज नदीच्या बाजूनं येतोय. परवा गणपती. रस्त्यावर मांडवाचे बांबू, मखरांच्या गाड्या, फुलांच्या टोपल्या, आणि दुकानासमोर रांग.

रांगेतला एक पंचेचाळिशीचा माणूस, पाठीला लॅपटॉपची बॅग, तासभर उभा आहे. पुढे आला तो भांडायच्या तयारीनंच. "चिठ्ठी आहे, पैसे आहेत, फ्रीजमध्ये लस दिसतेय. मला का नाही?" त्याला कोणताही आजार नाही, क गट. मी समजावलं. "या याद्या आम्हालाही करता येतात. ओळखीचे येतात त्यांना देता, आम्ही उभे राहतो. मोठ्या लोकांना घरपोच जात असेल!" मागून दोघा-तिघांनी री ओढली. सगळी रांग पुढे सरकली.

मी वही त्याच्याकडे फिरवली. त्यानं वाचायला सुरुवात केली, रागानंच. त्याच्या शेजारच्या काकू चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागल्या: "अ झाले सगळे... ब चालू आहे... क एकही नाही." पान उलटलं. 42 ते 45 वर त्याचं बोट थांबलं. आडनाव शहरात कोणालाही माहीत असलेलं. "हे... तेच?" मी काही बोलले नाही. तारखेचा रकाना कोरा होता.

रांगेतली कुजबुज थांबली. तो माणूस काही खूश झाला नाही. क्षमा वगैरे मागितली नाही, त्याची गरजही नव्हती. त्याला भीती वाटत होती आणि त्याचे प्रश्न रास्त होते. 53 वर स्वतःचं नाव लिहिलं, मोबाइल लिहिला, आणि पाय आपटतच गेला. पण नाव लिहून गेला.

त्याच्यामागे एक रिक्षावाले काका होते. त्यांनी चिठ्ठी काढण्याआधी विचारलं, "ताई, मला खरंच लागेल का? दिवसभर माणसं मागं बसून खोकतात. पण ज्यांना जास्त गरज आहे त्यांचं आधी होऊ द्या." खरं तर त्यांना धोका आहेच, बंद पडद्याच्या रिक्षेत दिवस काढणाऱ्याला का नसणार? सरकारी यादीत त्यांच्यासारख्यांचा गट नाही. माझ्या काचेवरच्या कागदातही नव्हता. मास्क दिले, पडदे वर ठेवायला सांगितलं, आणि क गटातल्या नावांत त्यांच्या नावापुढे एक खूण केली.

8.30

मंडळाची पाच-सहा पोरं आली. त्यांना ढोलपथकातल्या साठजणांसाठी लस हवी. "वर्गणीतून पैसे देतो, काकू." साठ! मी त्यांना वही दाखवली. एकानं लगेच विचारलं, "मग आम्ही काय करायचं ते सांगा." हा प्रश्न दिवसात फार थोड्यांनी विचारला होता. ताप-खोकला असलेल्यानं सरावाला यायचं नाही, आणि न आल्याबद्दल त्याला कोणी बोलायचं नाही. दर्शनाच्या रांगेजवळ हात धुवायची सोय. ध्वनिक्षेपकावरून दर तासाला एक सूचना: गरोदर बायकांना लस मोफत कुठं मिळते. ही शेवटची सूचना त्यांनी मोबाइलवर टिपून घेतली, पत्त्यासह.

9.15

नणंदेचा फोन, कोथरूडहून. ती चाळिशीची, ठणठणीत. तिला दोन हव्यात, तिच्यासाठी आणि मुलासाठी. "घरचं दुकान असून मी रांगेत उभी राहू?" तिला काय सांगायचं ते मला सकाळपासून माहीत होतं, तरी सांगणं जड गेलं. नाव लिहिते म्हटलं. ती म्हणाली, राहू दे. आता गणपतीला घरी येईल तेव्हा बोलणं होईल की नाही, कोण जाणे. पण संध्याकाळी सगळ्या रांगेसमोर वही फिरवली, ती या एका फोनसाठी मिटता येत नाही.

10.00

आठातल्या सहा दिल्या. दोन उरल्या, उद्या सकाळच्या दोन नावांसाठी. थर्मामीटर 4 अंश. वहीत नावं आज सकाळपेक्षा जास्त आहेत. स्टॉकिस्टला उद्याची मागणी पाठवली, नावांच्या संख्येसह. आकडा दाखवला की मागणीला वजन येतं, हे मी अलीकडे पाहिलं आहे.

ही नोंद मी 2018 च्या एप्रिलात लिहून काढते आहे. 2017 संपलं तेव्हा महाराष्ट्रात स्वाइन फ्लूनं 778 माणसं गेली होती. लाट ओसरली की लस विसरली जाते: 2009 च्या टंचाईनंतर अमेरिकेतही लस मुबलक झाली तेव्हा ती घ्यायला कोणी येईना, आणि 2010 च्या उन्हाळ्यात सुमारे चार कोटी डोस मुदत संपून नष्ट करावे लागले. आज माझ्या दुकानातही लशीबद्दल विचारायला कोणी येत नाही. फ्रीजमधला मधला कप्पा रिकामा आहे आणि किती मागवायची हे मला याच महिन्यात ठरवायचं आहे. लस घेतल्यावर शरीराला तयार व्हायला दोन आठवडे लागतात, आणि जूनमध्ये पाऊस येतो. तुमच्या घरात कोणाला दिवस गेले असतील, कोणाला दमा असेल, साखर असेल, कोणी पासष्टच्या पुढचं असेल, तर मे महिन्यात डॉक्टरांना विचारा. मोफत मिळत असेल तर सरकारी दवाखान्यात जा. नाहीतर तुमच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात जाऊन नाव लिहा. नाव लिहिलंत तरच ती मागवली जाईल.